शोकसभा संपली, आता वही उघडा

आई गेली त्याला आता वर्ष होईल. तेव्हा वर्षावास सुरू होता. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालायचे आणि आई शाळेतली खिचडी शिजवून, घरचे आवरून तिथे जाऊन बसायची. ग्रंथ पूर्ण व्हायच्या आधी ती गेली. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा मंडप टाकला होता. फोटोशेजारी मेणबत्त्या, फुले, मागे बॅनर आणि बॅनरवर तिच्या नावाआधी 'कालकथित'. अकरा जण बोलले. अकराही जणांनी तिला त्यागमूर्ती म्हटले. सात जणांनी थेट रमाईची उपमा दिली. आम्ही तिघे भावंडे, दोघी बहिणी आणि एक भाऊ, पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतो. आमच्यापैकी कोणीही रडले नाही. चळवळीतल्या घरची माणसे म्हणून आमचे कौतुकही झाले. 'पोरं खंबीर हायेत,' असे जो तो म्हणाला.

हा लेख त्या कौतुकाविरुद्ध आहे.

आम्ही खंबीर नव्हतो. आम्हाला रडायला जागा सापडत नव्हती, एवढेच. कार्यक्रमानंतरच्या महिन्यात आमच्यातल्या एकाचे जेवण तुटले. एक जण प्रत्येक बैठकीत कोणावर तरी ओरडून यायला लागला. एकाने इतकी कामे अंगावर घेतली की घरी फक्त झोपायला यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, काय जोमाने कामाला लागली आहेत पोरे! आतून तिघेही एकाच गोष्टीपासून पळत होतो. घरातल्या त्या रिकाम्या खाटेपासून.

मित्रांनो, हे आमचेच असे आहे का? आपल्या किती घरांत असे आहे? आपल्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी बॅनरचा मजकूर ठरतो, पाचव्या दिवशी भाषणे होतात आणि पंधराव्या दिवशी कार्यकर्ता पुन्हा मोर्चात दिसायला हवा असतो. नाही दिसला तर कोणीतरी म्हणतेच, 'किती दिवस घेऊन बसणार?' शोक करण्याचे काम आपण मंचावर सोपवून मोकळे होतो. पण मंचावर जे होते तो शोक असतो का? याचे उत्तर आम्हाला एका हिशोबाच्या रजिस्टरने दिले. म्हणून त्याची गोष्ट आधी सांगतो.

आई बचत गटाची सचिव होती. सातवी शिकलेली. गटाचे लाल पुठ्ठ्याचे दोनशे पानी रजिस्टर तिच्याकडे असायचे. पुढच्या बाजूने गटाचा हिशोब : दरमहा शंभर रुपये बचत, कोणी कर्ज उचलले, व्याज किती, पुढे सही किंवा अंगठा. ती गेल्यावर दोन आठवड्यांनी गटाच्या बायका घरी आल्या. त्यांनी बाक्या नव्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतल्या आणि जुने आमच्या हातात दिले. म्हणाल्या, 'हे राहू द्या तुमच्याकडं. मागच्या बाजूनं तिचं सोताचं बी लिहिलेलं हाय.'

मागच्या बाजूने घरखर्च होता. तेल, गॅस, एसटीचे तिकीट, दळण. आणि मध्येच हिशोबात न बसणारी वाक्ये. 'पाऊस. शाळा सुटली लवकर.' 'धाकटी फोनवर नीट बोलली नाही.' 'आज खिचडीत मीठ जास्त झालं, पोरांनी तरी खाल्ली.' 'पाय लई दुखतेत.' एकेक ओळ, त्याच्याखाली पुन्हा साबणाची वडी आणि चहापत्ती. आम्ही शिकलेल्या पोरांनी रोजनिशी हा शब्द पुस्तकात वाचला होता. आई ती लिहीत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

तिच्या शेवटच्या नोंदीनंतर चाळीसेक पाने कोरी होती. एका रात्री आमच्यातल्या एकाने त्यातल्या पहिल्या पानावर कार्यक्रमाचा खर्च लिहून काढला. मंडप किती, बॅनर किती, तांदूळ किती. भाऊबंदांना हिशोब द्यायचा होता म्हणून. खाली बेरीज केली आणि बेरजेखाली पेन आपोआप चालले : 'आई, तुझ्या कार्यक्रमात भात कमी पडला.' तेवढे लिहून झाल्यावर रडू फुटले. आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने रडले. बाकीचे दोघे उठून आले, त्यांनी ती ओळ वाचली आणि मग ती रात्र तशीच गेली.

तेव्हापासून आम्ही त्या पानांवर लिहायला लागलो. दोघे कामासाठी बाहेरगावी असतो. तिथे सुट्या कागदावर लिहायचे आणि घरी आलो की ते कागद रजिस्टरमध्ये डकवायचे. खाली नाव घालायचे नाही. अक्षरावरून कळतेच.

ही गोष्ट चळवळीतल्या एका ज्येष्ठांच्या कानावर गेली तेव्हा ते म्हणाले, 'डायऱ्या लिहिणं हे खाऊन-पिऊन सुखी लोकांचे चोचले. बाबासाहेबांची चार लेकरं गेली. ते वही घेऊन रडत बसले का?' हा प्रश्न आपल्याकडे फार वेळा विचारला जातो आणि विचारणारा उत्तराची वाट पाहत नाही. आपण उत्तर देऊ.

बाबासाहेब आणि रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गेली. यशवंतराव तेवढे वाचले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी त्यांचे स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. ते पत्र चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. त्यात खंबीरपणाचा आव कुठेही नाही. आपण नवरा-बायको या धक्क्यातून सावरलो असे दाखवण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असे वाटतही नाही, या आशयाचे ते सरळ लिहितात. एक बाप आपल्या गेलेल्या मुलाबद्दल लिहितो तसे लिहितात. आणि त्यानंतर सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, हाच बाप महाडला चवदार तळ्याच्या काठावर हजारो माणसे घेऊन उभा आहे.

पत्र लिहिले म्हणून महाड घडले, असला बालिश दावा आम्ही करत नाही. पण कागदावर दुःख मांडल्यामुळे महाड अडले नाही, हे तर उघड आहे. मग रडणारा कार्यकर्ता चळवळीला अडसर ठरतो, हे कोणी ठरवले? रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकीय ग्रंथ आला तेव्हा बाबासाहेबांनी तो रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. पाच वर्षे उलटून गेल्यावर, फाळणीसारख्या विषयावरच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर, त्यांनी आपल्या बायकोची आठवण ठेवली. दुःख किती दिवस घेऊन बसायचे, हे विचारणाऱ्यांनी ते पान एकदा उघडून पाहावे.

आता आमच्या वहीकडे परत येतो. कारण खरी गोष्ट पुढे आहे.

लिहायला लागून महिना झाला असेल. आमच्यातल्या एकाने आईची जुनी पाने चाळली. मार्चच्या पानावर नोंद होती, 'सोनोग्राफी १२००'. त्यावर आडवी रेघ. खाली, 'परीक्षा फॉर्म व पुस्तके १३५०'. एप्रिलच्या पानावर पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा रेघ. खाली, 'मोर्चा गाडीभाडे ५००, हातखर्च ३००'. जूनच्या पानावर तिसऱ्यांदा सोनोग्राफी, तिसऱ्यांदा रेघ. खाली, 'मोटारसायकल हप्ता'. त्यानंतर सोनोग्राफीची नोंदच नाही. पोटात दुखते म्हणून ती तालुक्याच्या दवाखान्यात दोनदा गेली, दोन्ही वेळा गोळ्या घेऊन परत आली. जिल्ह्याला नेले तोवर उशीर झाला होता.

कोणाचा फॉर्म, कोणाचा मोर्चा, कोणाच्या गाडीचा हप्ता, हे आम्ही इथे सांगणार नाही. ते वहीत आहे. इथे एवढे पुरे की तिन्ही रेघांखाली आम्हीच होतो.

त्या रात्री आम्ही तिघे एकमेकांशी फार वाईट भांडलो. बोलू नयेत ते शब्द बोललो. पुढचे तीन दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी रजिस्टर उघडले तर तिघांनीही आपापल्या वेळेला येऊन एकेक पान भरलेले होते. तिघांनीही दुसऱ्याबद्दल एक अक्षर लिहिले नव्हते. प्रत्येकाने आपल्या वाट्याची रेघ लिहिली होती.

मग आम्हाला मंचावरची ती अकरा भाषणे आठवली. त्यागमूर्ती! हा शब्द ऐकायला किती गोड आहे. पण त्याग म्हटले की हिशोब बंद होतो. तिने सोनोग्राफी 'त्यागली' म्हटले की बाराशे रुपये कुठे गेले हे विचारायचे कारण उरत नाही. ते कोणी घेतले हेही नाही. शाळेत शेकडो पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बाईला तुटपुंजे मानधन आणि तेही थकवून का मिळते, हेही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दोन वेळा गोळ्यांवर बोळवण का होते, हेही नाही. आपल्या आयांना आपण रमाईची उपमा देतो आणि समजतो की त्यांचा सन्मान झाला. रमाईचा त्याग आपण पाठ केला आहे. चार लेकरे पोटातून आणि मातीतून गेलेल्या त्या बाईच्या दुःखाबद्दल आपण किती बोलतो? हा सन्मान आहे की आपली सुटका?

त्या वेळपर्यंत आमचे काय चालले होते, तेही सांगतो. दिवसा भाषणात आम्ही सगळा दोष व्यवस्थेवर टाकत होतो. रात्री अंथरुणात सगळा दोष स्वतःवर घेत होतो. दोन्ही अर्धवट होते आणि दोन्हींमुळे झोप लागत नव्हती. मग एका पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले, 'आमच्याकडून राहिलेले'. उजवीकडे, 'व्यवस्थेकडून येणे'. फोन उचलला नाही, डावीकडे. पाय दुखतात असे ती म्हणाली तेव्हा 'बाम लाव' म्हणालो, डावीकडे. थकलेले मानधन, उजवीकडे. दवाखान्यातली बोळवण, उजवीकडे. पान भरले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. डावी बाजू रिकामी नव्हती, आणि ती मान्य केल्यावर आम्ही मेलो नाही. उजवी बाजू जास्त लांब होती, आणि ती आमच्या अंगावर घेण्याचे काहीच कारण नव्हते. पश्चात्ताप वेगळा आणि अन्याय वेगळा, हे आम्ही शंभर वेळा बोललो असू. ते आमच्या अंगी उतरले त्या पानावर.

विहारात आई ऐकायची त्याच ग्रंथात विशाखा आणि किसा गोतमी यांच्या सांत्वनाच्या कथा आहेत. किसा गोतमीची कथा आपण सगळे सांगतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे जाते, आणि ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे ते सांगतात. आपण तात्पर्य काढतो, 'मरण सगळ्यांनाच आहे, म्हणून रडू नको.' आम्हाला आता ते तात्पर्य अपुरे वाटते. मरण सगळ्यांना आहे हे तथागतांना एका वाक्यात सांगता आले असते. त्यांनी तिला दारोदार पाठवले. प्रत्येक उंबऱ्यावर तिला आपले दुःख बोलावे लागले आणि समोरच्याचे ऐकावे लागले. त्या चालण्याला वेळ लागला आणि त्या वेळातच ती सावरली. वही म्हणजे आमच्यासाठी ते चालणे आहे. आपण मात्र शोकात बुडालेल्या कार्यकर्त्याला मोहरी आणायला जाऊच देत नाही. त्याच्या हातात थेट तात्पर्य ठेवतो.

याचा अर्थ वही म्हणजे जादू, असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांच्या वाटेने जाणाऱ्याने पुरावा तपासला पाहिजे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातल्या जबर आघाताबद्दल लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहिल्यावर लगेच त्यांना हलके वाटले नाही, उलट जास्त उदास वाटले. आमचाही अनुभव तोच आहे. दुसऱ्या बाजूने, नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडले की जोडीदार गमावलेल्या माणसांचे दुःख असे लिहून घेतल्याने लवकर ओसरते, असे दिसले नाही. म्हणजे वही दुःख लवकर संपवत नाही. आम्ही ती तेवढ्यासाठी धरलेलीही नाही. आमच्यासाठी तिने खोट्याची आणि खऱ्याची निवड करून दिली, एवढे पुरेसे आहे.

याच स्ट्रोब यांनी हेंक शूट यांच्याबरोबर १९९९ साली आणखी एक गोष्ट मांडली होती. शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसतो, कधी पाठ फिरवून रेशन, नोकरी, लाइट बिल बघतो. दोन्ही लागते, आणि ही ये-जा म्हणजेच सावरणे. ते वाचताना आम्हाला आईचे रजिस्टर आठवले. एका ओळीत 'पाय लई दुखतेत' आणि पुढच्या ओळीत चहापत्ती. तिला हे कोणी शिकवले नव्हते.

'लिहिणं आपलं काम नाही' असे ज्यांना वाटते त्यांनी बेबीताई कांबळे आठवाव्यात. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी लिहिले आणि वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे ते 'जिणं आमुचं' म्हणून छापले गेले. नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. पण सगळ्यांचे होण्याआधी ते लिखाण कितीतरी काळ एकट्या त्यांचे होते. आज आपण दुपारी रडतो आणि संध्याकाळी ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकतो. मग अंगठे आणि हात जोडलेल्या खुणा मोजत बसतो. तिथे लिहिताना आपण पुन्हा मंचावरच असतो. म्हणून आमचा पहिला नियम : वहीचा फोटो काढायचा नाही.

बाकीचे नियम साधे आहेत. ज्यांच्या घरी असे दुःख आहे त्यांच्यासाठी सांगतो. पंधरा-वीस मिनिटे लिहा, नंतर वही मिटा आणि भांडी घासा, फिरून या, कोणाशी तरी बोला. लिहून लगेच झोपायला जाऊ नका. 'मला कसे वाटते' इथून सुरुवात होत नसेल तर वस्तूपासून करा. तिची चप्पल, तिचा डबा, तिचा शेवटचा फोन. भांडण राहिले असेल तर ते लिहा. गेलेल्या माणसाचा राग येतो, तोही लिहा. त्याने अपमान होत नाही. शुद्धलेखन बघू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि पोरांनी लिहून घ्यावे. आमच्या मावशीची चार पाने आम्ही अशीच लिहिली.

आणि थांबायचे कधी, तेही ध्यानात ठेवा. तेच वाक्य आठवडेच्या आठवडे गोल फिरत असेल, जेवण-झोप गेली असेल किंवा जगणे नको असा विचार येत असेल, तर तिथे वही पुरत नाही. डॉक्टरला गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते. यात कमीपणा कसला? आमच्यातला एक जण सध्या डॉक्टरकडे जातो.

मावशीमुळे आम्हाला आई परत मिळाली, हे शेवटी सांगितले पाहिजे. आईच्या पानांत एक नोंद आम्हाला कळत नव्हती. ऑक्टोबरमध्ये लिहिले होते, 'नागपूर २३००. पोरांना १५०० सांगितले.' मावशी हसून हसून बेजार झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोघी दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. आईने तिथे पुस्तके घेतली ते आम्हाला ठाऊक होते. पण तिने हिरव्या काचेच्या दोन डझन बांगड्या घेतल्या, दोनदा कुल्फी खाल्ली आणि परतीला गाडीत रात्रभर गाणी म्हटली. आठशे रुपये तिने स्वतःवर खर्च केले आणि आमच्यापासून लपवले. त्यागमूर्तीला हे शोभत नाही. आमच्या आईला शोभते.

पहिल्या स्मृतिदिनाला आम्ही मंडप टाकणार नाही. भाषणेही ठेवणार नाही. त्रिशरण-पंचशील झाले की वस्तीतल्या बायका आईची एकेक खरी गोष्ट सांगतील आणि आम्ही ती लिहून घेऊ. रजिस्टरची सहा पाने अजून कोरी आहेत. मंडप आणि बॅनरचे वाचलेले पैसे गटाकडे जातील. गटाच्या बायकांनी नव्या रजिस्टरमध्ये बचत, कर्ज आणि व्याज यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे. त्याचे नाव 'तपासणी'. दरमहा प्रत्येकीचे वीस रुपये. त्यातून आतापर्यंत दोघींची सोनोग्राफी झाली. त्या रकान्यावर कोणाच्याही पोराच्या फॉर्मसाठी रेघ मारायची नाही, असा ठराव झाला आहे आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत.

जय भीम.